आधी रॅक आणा, मग ए-आर्म काढा

बाहाच्या, म्हणजे कॉलेजच्या मुलांनी खडबडीत रस्त्याची गाडी बनवून उतरायच्या स्पर्धेच्या, टीममध्ये नुकतेच शिरलात आणि गळ्यात फ्रंट सस्पेन्शन पडलंय, अशा मंडळींसाठी हे लिहितोय. डबल विशबोन कसं असतं, कॅस्टर-कॅम्बर कशाला म्हणतात हे तुम्हाला ठाऊक आहे असं धरतो. नसेल तर दोन संध्याकाळी बसलात की कळेल. मला जे कळायला सात महिने आणि ए-आर्मचे (चाकाला चासीशी जोडणारे A आकाराचे आर्म) दोन सेट लागले, तेवढंच सांगतो.

आमचं कॉलेज कोल्हापूरकडचं. सस्पेन्शन माझ्याकडे आलं ते हुशारीमुळे नाही, तर ज्याच्याकडे होतं त्याला प्लेसमेंटची तयारी करायची होती म्हणून. त्याने पेन ड्राइव्ह हातात दिला, म्हणाला, "सगळे हार्डपॉइंट आहेत, फक्त ट्रॅक विड्थ बदल." सीनियरची फाईल म्हणजे उतरवलेला चष्मा असतो, नंबर त्याच्या डोळ्यांचा. पण तेव्हा मला ती सोन्याची खाण वाटली. मी ते पॉइंट, म्हणजे सस्पेन्शनच्या जोडांच्या जागा, लोटस शार्क या सॉफ्टवेअरमध्ये टाकले, थोडे इकडेतिकडे सरकवले. चाक 150 मिमी वर जाऊ दे नाहीतर 100 मिमी खाली, टोचा, म्हणजे वरून बघताना चाक किती आत-बाहेर वळलंय त्याचा, ग्राफ सरळ रेघेसारखा. त्या ग्राफचा स्क्रीनशॉट मी घरी वडिलांनाही पाठवला होता.

त्या फाईलमध्ये रॅकच्या (व्हील फिरवलं की आडवा सरकणारा स्टीअरिंगचा दांडा) दोन टोकांच्या जॉइंटमधलं अंतर 200 मिमी होतं. ते आलं कुठून? कुठूनच नाही. ग्राफ सरळ यावा म्हणून ज्याने कुणी आकडा टाकला होता, तो तसाच पुढे चालत आला होता. बाजारात रॅक शोधायला गेलो तर आमच्या बजेटमध्ये बसणारा सगळ्यात लहान रॅक 340 मिमीचा मिळाला. म्हणजे एका बाजूला 70 मिमी जास्त. आम्ही काय केलं? टाय रॉड, म्हणजे रॅकपासून चाकापर्यंतचा दांडा, तेवढा कापला, नव्याने आटे पाडले, बसवला. पाच मिनिटांचं काम. त्या पाच मिनिटांत गाडी बिघडली आणि पुढचे दीड महिने कुणाच्या लक्षातही आलं नाही.

आता इथे जरा थांबा, कारण हीच गोष्ट मला कुणी नीट समजावली नव्हती. चाक वर जातं तेव्हा ए-आर्मचं बाहेरचं टोक कंसात फिरतं आणि थोडं आत ओढलं जातं. टाय रॉडचं टोकही कंसात फिरतं. दोघं सारखंच आत आले तर चाक सरळ राहतं. टाय रॉड आखूड असेल तर त्याचा कंस लहान, म्हणून तो जास्त आत ओढतो आणि स्टीअरिंग व्हीलला हात न लावता चाक वळवतो. याला म्हणतात बंप स्टीअर. आकडे घालून बघा. सोपं पडावं म्हणून वरचा आणि खालचा आर्म सारखेच, 400 मिमी धरा, सुरुवातीला आडवे. टाय रॉड 330 मिमी, तोही आडवा. स्टीअरिंग आर्म, म्हणजे टाय रॉड ज्याला जोडतो तो चाकाकडचा आर्म, 80 मिमी.

चाक 50 मिमी वर गेलं: आर्म 3.1 मिमी आत, टाय रॉड 3.8 मिमी आत. फरक पाऊण मिमीही नाही, चाक वळतं साधारण अर्धा अंश. 100 मिमीला फरक 2.8 मिमी, म्हणजे दोन अंश. 150 मिमीला आर्म 29 मिमी आत येतो आणि टाय रॉड 36 मिमी. फरक सात मिमी, चाक जवळजवळ पाच अंश वळलेलं. 23 इंची टायरची पुढची कड सरळ रेषेपासून अडीच सेंटिमीटर सरकलेली असते, ड्रायव्हरने व्हील हलवलेलंही नसताना.

खरा सापळा त्या पहिल्या आकड्यात आहे. वर्कशॉपमध्ये आम्ही चौघांनी गाडीच्या नाकावर बसून उड्या मारल्या होत्या. चाकं दोन इंच हलली, सगळं सरळ दिसलं, टाळ्या वाजल्या. अर्धा अंश डोळ्याला दिसत नाही हो! चूक ट्रॅव्हलच्या वर्गाच्या मापाने वाढते. दोन इंचाला लपते आणि सहा इंचाला अंगावर येते.

अंगावर आली ती कॉलेजमागच्या उसाच्या बांधावर. आमचा रॅक एक्सलच्या मागे होता, म्हणजे टाय रॉड चाकाची मागची बाजू आत ओढणार आणि पुढची बाहेर जाणार. डावं चाक बांधावर चढलं, गाडी आपसूक डावीकडे गेली, स्टीअरिंग उलटं फिरलं आणि ड्रायव्हरचा अंगठा स्पोकमध्ये अडकून मुरगळला. तेव्हापासून अंगठे व्हीलच्या बाहेर ठेवायचे हा आमच्यात नियमच झाला. मी त्या रात्री अलाइनमेंटला दोष दिला. मग टायरच्या हवेला. मग ड्रायव्हरलाही, त्याची अजून लाज वाटते.

दोष सापडला तो कोल्हापूरच्या उद्यमनगरात, वर्कशॉपच्या वस्तीत. आमचे आर्म वेल्ड करणाऱ्या मामांना मी लॅपटॉपवर ग्राफ दाखवला. त्यांनी बघितलं न बघितल्यासारखं केलं, प्लायचा एक तुकडा घेतला, खिळे ठोकले, पत्र्याच्या दोन पट्ट्या लावल्या. एक आर्मच्या मापाची, एक टाय रॉडच्या. दोन्ही एकदम वर उचलल्या आणि टोकांमधली फट बोटाने दाखवली. "बघ, ही पट्टी आखूड हाय. ती वढणारच की. रॅक मोजला हुतास का आदी?" मी गप्प. मेंटॉर कसा हवा असं कुणी विचारलं की मला ते खिळे आठवतात. रविवारी येऊन "वजन कमी करा" एवढंच सांगून जाणारे माजी विद्यार्थी आम्हाला भरपूर लाभले. आधी काय मोजलंस, हे विचारणारा एकच भेटला.

तर क्रम असा ठेवा. आधी रॅक हातात घ्या, जॉइंट ते जॉइंट टेपने मोजा, कॅटलॉगवर जाऊ नका. मग आर्मचे आतले पिव्होट ठरवा. समोरून बघताना टाय रॉडचा आतला जॉइंट हा वरच्या आणि खालच्या आर्मच्या आतल्या पिव्होटना जोडणाऱ्या रेषेवर यायला हवा, आणि टाय रॉडची रेघ पुढे वाढवली तर दोन्ही आर्मच्या रेघा जिथे भेटतात तिथूनच जायला हवी. पहिल्या अटीने टाय रॉडची लांबी ठरते, दुसरीने उंची. एकच पाळून भागत नाही.

गाडी आधीच बनलेली असेल तर घाबरू नका, मोजता येतं. शॉक काढा, रॅक बरोबर मध्यावर बांधून टाका, हबला एक सरळ पट्टी बोल्टने लावा. जॅकने चाक 25-25 मिमी उचलत पट्टीच्या दोन्ही टोकांचं गाडीच्या मध्यरेषेवर ताणलेल्या दोरीपासूनचं अंतर लिहीत जा. खालीही तसंच. चाक वर आणि खाली दोन्हीकडे एकाच दिशेने वळत असेल तर लांबी चुकलीय. वर एका दिशेला आणि खाली दुसऱ्या दिशेला वळत असेल तर उंची. उंचीची चूक स्वस्त असते, रॅकखाली पॅकिंग देऊन किंवा काढून भागतं. आमची लांबीची होती.

आम्ही पिव्होट बाहेर सरकवले, आर्म 330 मिमीचे केले. टो सरळ झाला, पण दुसरीकडे दुखणं निघालं. 400 च्या आर्मला 150 मिमी ट्रॅव्हलसाठी 22 अंश फिरावं लागत होतं, 330 च्या आर्मला 27. आर्मच्या टोकाचा बॉल जॉइंट तेवढा फिरेना, आपल्या खोबणीतच अडकायला लागला. शेवटी ट्रॅव्हल 125 मिमीवर आणला, कोन परत 22 वर आला. वाईट वाटलं? खूप. पण जॉइंट अडकून मोडण्यापेक्षा एक इंच कमी परवडला.

बाकीचं भरभर सांगतो. व्हील रेट, म्हणजे चाकापाशी जाणवणारा स्प्रिंगचा कडकपणा, काढताना मोशन रेशोचा (चाक एक मिमी हललं की स्प्रिंग किती दबते) वर्ग घ्या. 20 न्यूटन/मिमी स्प्रिंग आणि 0.6 रेशो असेल तर चाकापाशी 7.2 मिळतात, 12 नाही. एअर शॉकचं वेड पहिल्या वर्षी नको, साध्या कॉइलवर गाडी समजते तरी. रॉड एंडला, म्हणजे दांड्याच्या टोकाच्या आट्याच्या जॉइंटला, ओढ-दाब चालतो, वाक चालत नाही. आणि अ‍ॅनालिसिसची लाल-निळी चित्रं रिपोर्टात छान दिसतात, पण लोड केस काय धरलात, म्हणजे कुठून किती जोर येतो, हे परीक्षकाने विचारलं की त्यातला रंग उडतो.

स्पर्धेसाठी मध्य प्रदेशातल्या पिथमपूरला टेम्पोतून गाडी नेताना सेंधव्याच्या घाटात मी झोपलो नाही, दर वळणाला मागे वाकून चाकं बघत होतो. डिझाइनच्या राउंडला परीक्षकांनी बंप स्टीअरचंच विचारलं. मी सॉफ्टवेअरचा ग्राफ दाखवलाच नाही, जॅक लावून मोजलेल्या आकड्यांचा तेलकट कागद पुढे केला. त्यांनी तो दहा मिनिटं चाळला. एन्ड्युरन्सच्या चार तासांपैकी आम्ही पावणेतीन तास चाललो. मग सीव्हीटीचा (गिअर आपोआप बदलणारी यंत्रणा) बेल्ट गेला, आणि खरं सांगतो, पहिल्यांदा मनात आलं ते हेच की चला, बेल्ट माझ्याकडे नाही.

पेन ड्राइव्ह आता एका ज्युनिअरकडे आहे. फाईलमधला रॅकचा रकाना मी रिकामा ठेवलाय.