एअर फ्लो सेन्सर बदलल्यावर ईसीएमचा तक्ता कसा जुळवायचा

आधी गाडीत मास एअर फ्लो सेन्सर (इंजिनात जाणारी हवा मोजणारा) आहे ना, ते बघा. ईसीएम म्हणजे इंजिन चालवणारा संगणक; सेन्सरच्या सिग्नलवरून हवा किती, ते तो या तक्त्यात बघतो. बऱ्याच लहान पेट्रोल गाड्या मॅनिफोल्ड प्रेशर सेन्सरवर चालतात. त्यांना यातलं काहीच लागू नाही. डिझेलमध्ये हा सेन्सर मुख्यतः ईजीआर (धूर पुन्हा इंजिनात फिरवणारी यंत्रणा) आणि धुराची मर्यादा सांभाळतो, म्हणून खालची रीत फक्त पेट्रोलसाठी.

त्याच पार्ट नंबरचा सेन्सर बसवला असेल तर तक्त्याला हात लावू नका. स्कॅनरने फ्युएल ट्रिम (ईसीएम इंधनात स्वतः करतो ती टक्केवारीतली दुरुस्ती) रिसेट करा, बास. तक्ता बदलायची वेळ येते ती सेन्सर दुसऱ्या मॉडेलचा असेल किंवा तोच सेन्सर मोठ्या पाइपात बसवला असेल तेव्हा. पाइपचा हिशेब सोपा: नवा आतला व्यास भागिले जुना, आणि आलेल्या उत्तराचा वर्ग. ६० मिमीच्या जागी ७० मिमी आला तर गुणक १.३६. हवेच्या सगळ्या आकड्यांना त्याने गुणा. मॉडेलच वेगळं असेल तर त्याचा स्वतःचा व्होल्टेज-प्रवाह तक्ता मिळवा. फ्रिक्वेन्सी देणारा सेन्सर व्होल्टेज वाचणाऱ्या ईसीएमला चालत नाही.

मूळ फाइल दोन ठिकाणी जपून ठेवा आणि लिहिताना बॅटरीला चार्जर लावा. मध्येच व्होल्टेज पडलं तर ईसीएम काढून टेबलावर घ्यावा लागतो.

मग गळती. सेन्सर आणि इंजिन यांच्यामधल्या पाइपाची क्लिप ढिली असेल तर आयडलिंगला ट्रिम खूप वर जातो आणि रेस वाढवली की उतरतो. लोडबरोबर ट्रिम चढत गेला तर मात्र सेन्सर हवा कमी मोजतोय. हे न तपासता तक्ता सुधारला तर गळतीच तक्त्यात लिहिली जाते. दुसरी फसगत तापमानाची: पाच वायरींच्या सेन्सरमध्ये बहुधा हवेचं तापमान मोजणारा थर्मिस्टर आतच असतो आणि दुसऱ्या मॉडेलला त्याचा तक्ता वेगळा असू शकतो. रात्रभर उभ्या गाडीत सकाळी हवा आणि कूलंट यांचं तापमान जवळपास सारखंच दिसलं पाहिजे.

आता लॉग, म्हणजे गाडी चालवताना लॅपटॉपवर आकड्यांची नोंद. इंजिन पूर्ण गरम, एसी बंद. १.६ लिटरच्या इंजिनाला आयडलिंगवर साधारण ३ ग्रॅम प्रति सेकंद दिसायला हवेत. ६ दिसले तर गुणक चुकला. एकसारख्या वेगासाठी मोहोळकडचा हायवे बरा, लोडसाठी तुळजापूरचा घाट. लॅपटॉप शेजारच्याने सांभाळायचा. तक्त्याच्या प्रत्येक टप्प्यावर शॉर्ट (तात्पुरता) आणि लाँग (साठवलेला) ट्रिमची बेरीज घ्या: अधिक ८ टक्के आली तर त्या टप्प्याचा हवेचा आकडा गुणिले १.०८. शेजारचे आकडेही सरकवा, मध्ये पायरी राहिली की गाडी झटके देते. अधिक-उणे ५ टक्क्यांच्या आत आलं की थांबा.

पूर्ण थ्रॉटलला ट्रिम चालत नाही, तिथे वाइडबँडच (एक्झॉस्टमधून मिश्रण अचूक मोजणारा ऑक्सिजन सेन्सर) हवा. मिश्रण लॅम्डामध्ये (प्रत्यक्ष हवा-इंधन प्रमाण भागिले आदर्श प्रमाण) वाचा, १४.७ हे आदर्श प्रमाण शुद्ध पेट्रोलचं, पंपावर मिळतं ते ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं. ईसीएमने ०.८८ मागितला आणि ०.९४ आला तर गुणक १.०७.

काही जण तक्ता सोडून ईसीएममधला इंजेक्टरचा (इंधन फवारणाऱ्या नोझलचा) आकडा फिरवून ट्रिम शून्यावर आणतात. स्कॅनरवर सगळं छान दिसतं, पण ईसीएम इग्निशन टायमिंग ठरवतो ते हवेवरून काढलेल्या लोडवर. हवा खरीपेक्षा कमी दाखवली की टायमिंग पुढे जातं, आणि मे महिन्यातल्या सोलापूरच्या ४२ अंशांत इंजिन नॉक करतं, म्हणजे आत ठोकल्यासारखं वाजतं. उंचीसाठी वेगळा गुणक मात्र घालू नका. सोलापूर समुद्रसपाटीपासून साधारण ४५० मीटरवर असलं तरी हा सेन्सर हवेचं वस्तुमानच मोजतो.

तेल लावलेला फिल्टर असेल तर जादा तेल आधी निथळू द्या. सेन्सरच्या तारेवर तेल बसलं आणि त्यावर धूळ चिकटली की नीट जुळवलेला तक्ताही खोटा ठरतो.