मुलाच्या शाळेसाठी कप्प्यांचा डबा कसा निवडावा

कप्प्यांचा डबा विकत घेताना तो आपल्यासमोर उघडा, रिकामा आणि कोरडा असतो. मुलासमोर मात्र तो बंद, भरलेला आणि दप्तरात दोन-तीन तास हिंदकळलेला असा येतो, आणि तो उघडून, खाऊन पुन्हा नीट बंद करण्यासाठी मुलाकडे मधल्या सुट्टीतली मोजकी मिनिटे असतात. म्हणून रंग, चित्रे आणि कप्प्यांची संख्या पाहण्याआधी झाकण पाहावे, आणि तेही शक्य असल्यास मुलाच्याच हातात देऊन.

हे मला उशिरा कळले. माझ्या मुलीचा पहिला डबा आठवड्यातून दोन-तीनदा न उघडताच परत येत असे आणि तिला त्या दिवशी भूक नसावी, असे मी समजत होते. घरी तर तो ती सहज उघडत असे. शेवटी तिनेच सांगितले की काही दिवशी झाकण निघतच नाही आणि दरवेळी बाईंना हाक मारायला तिला संकोच वाटतो. अन्न गरम असताना हवाबंद झाकण लावले की आतली हवा आणि वाफ थंड होताना आतला दाब कमी होतो आणि बाहेरची हवा झाकण घट्ट दाबून धरते. ज्या दिवशी मी घाईत गरम अन्न भरत होते, नेमका त्याच दिवशी डबा उघडत नव्हता. यावर दोन उपाय आहेत. अन्नाची वाफ पूर्ण जिरू देऊन मगच झाकण लावावे, आणि डबा घेताना झाकणावर हवा सोडण्याची लहान सिलिकॉनची गुंडी आहे का, ते पाहावे. कडी कोणत्याही प्रकारची असली तरी मुलाने ती सलग पाच वेळा कोणाच्याही मदतीशिवाय उघडून बंद केली पाहिजे. त्यातही बंद करणे अधिक महत्त्वाचे आहे, कारण परतीच्या वाटेवर वह्या भिजतात त्या अर्धवट लावलेल्या कडीमुळेच.

डबा गळत नाही, या दाव्याचे दोन वेगळे अर्थ होतात आणि खरेदीत सर्वाधिक फसगत इथेच होते. काही डब्यांत सिलिकॉनची पट्टी फक्त बाहेरच्या कडेने फिरते. असा डबा दप्तर कोरडे ठेवतो, पण आतल्या आडभिंतींवर झाकण टेकत नसल्यामुळे एका कप्प्यातला पातळ पदार्थ शेजारच्या कप्प्यात खुशाल जातो. दुसऱ्या प्रकारात झाकणाच्या आतल्या बाजूला प्रत्येक आडभिंतीच्या आकाराची पट्टी असते आणि ती भिंतीच्या माथ्यावर दाबून बसते. डबा उघडून झाकण उलटे धरले की हा फरक लगेच दिसतो. घरी आणल्यावर एका कप्प्यात रंग मिसळलेले पाणी आणि बाकीच्या कप्प्यांत कागदी रुमालाचे तुकडे ठेवून झाकण लावावे, डबा उभा, आडवा आणि उलटा असा दहा-दहा मिनिटे ठेवावा, मग थोडा हलवून उघडावा. कोणता कप्पा कोणत्या बाजूने पाझरतो, ते रुमालच दाखवतील. दुसऱ्या प्रकारचे डबेही दही किंवा दाटसर पदार्थांपुरते भरवशाचे असतात. पाण्यासारखे पातळ काही द्यायचे असेल, तर फिरकीच्या झाकणाची वेगळी छोटी डबी मोठ्या कप्प्यात ठेवणे मला अधिक योग्य वाटते.

आकार ठरवताना अंदाजावर विसंबू नये. मूल घरी जेवढे जेवते, तेवढे अन्न एखाद्या मापाच्या भांड्यात भरून त्याचे मिलिलिटर पाहावेत आणि त्याहून किंचित मोठा डबा निवडावा. फार मोठा डबा अर्धा रिकामा राहतो, अन्न आत घरंगळते आणि कप्पे असूनही सगळे एकत्र होते. शिवाय न संपलेल्या डब्याचे दडपण मुलावर येते ते वेगळेच. बहुतेक मुलांना तीन किंवा चार कप्पे पुरतात. पाच-सहा कप्प्यांच्या डब्यात प्रत्येक कप्पा इतका लहान होतो की मुख्य पदार्थ कशातच मावत नाही आणि रोज सकाळी तेवढ्या प्रकारांची जुळवाजुळव करावी लागते. एक कप्पा ठळकपणे मोठा असावा. काढता-घालता येणारी आडभिंत सोयीची असते, पण तिच्या खालून ओलावा सरकतो, हे धरून चालावे. डबा दप्तरात आडवा बसतो की उभाच ठेवावा लागतो, हेही दप्तर समोर ठेवून पाहावे.

साहित्याच्या बाबतीत माझा कल स्टेनलेस स्टीलकडे आहे. त्यावर डाग पडत नाहीत, वास राहत नाही आणि पडल्यास फार तर पोचा येतो. 304 किंवा 18/8 असा उल्लेख असलेल्या स्टीलमध्ये सुमारे 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल असते, आणि गंजाला ते चांगले तोंड देते. लोहचुंबक लावून पारख करण्याची पद्धत मात्र पुरेशी नाही, कारण कमी निकेलचे 202 प्रकारचे स्टीलही सहसा चुंबकाला चिकटत नाही. स्टीलचा डबा मायक्रोवेव्हमध्ये चालत नाही आणि तो वजनाला जड असतो. अगदी लहान मुलासाठी हे वजन खरोखर विचारात घ्यावे.

प्लास्टिक घ्यायचे असल्यास तळाशी त्रिकोणातला 5 हा आकडा शोधावा. तो पॉलिप्रोपिलीन दाखवतो, जे हलके, लवचिक आणि उष्णतेला बऱ्यापैकी टिकणारे असते. 7 हा आकडा ‘इतर सर्व’ प्लास्टिकसाठी आहे आणि त्यात पॉलिकार्बोनेटही येते, ज्याच्या निर्मितीत बिस्फेनॉल-ए म्हणजे बीपीए वापरतात. युरोपीय संघाने 2011 मध्ये बाळाच्या दुधाच्या पॉलिकार्बोनेट बाटल्यांत बीपीएच्या वापरावर बंदी घातली होती. प्लास्टिक चांगले असले तरी त्यात वाफाळते अन्न भरू नये, आणि ओरखड्यांनी खरबरीत झालेला डबा बदलावा, कारण त्या चरांत अन्नाचे कण अडकून राहतात.

तापमानाबद्दल स्पष्ट सांगायला हवे. कप्प्यांचा डबा पसरट असतो, त्यामुळे त्यातले अन्न लवकर निवते, आणि स्टीलच्या एकाच भिंतीच्या दोन बाजूंना गरम अन्न आणि कापलेले फळ ठेवल्यास फळ कोमट होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचनेनुसार शिजवलेले अन्न खोलीच्या तापमानाला दोन तासांहून अधिक ठेवू नये, कारण 5 ते 60 अंश सेल्सिअस या टप्प्यात जंतू झपाट्याने वाढतात. सुट्टी त्यानंतर होत असेल, तर दही, अंडी, मांस यांसारखे पदार्थ फ्रिजमध्ये गार करून, उष्णतारोधक पिशवीत गोठवलेल्या जेलच्या पाकिटासह द्यावेत. गरमच द्यायचे असेल, तर त्यासाठी दुहेरी भिंतीची निर्वात डबी लागते. ती आधी उकळत्या पाण्याने पाच-दहा मिनिटे तापवून घेतली, तर अन्न बराच अधिक काळ गरम राहते.

उरली स्वच्छता. कप्प्यांचे कोपरे गोलाकार असावेत आणि सिलिकॉनची पट्टी बोटाने ओढून काढता यावी. ती चिकटवलेली असेल, तर तो डबा घेऊ नये, कारण तिच्या खाली ओलावा राहून काळी बुरशी धरते आणि वरून घासून ती निघत नाही. काढलेली पट्टी धुऊन, पूर्ण वाळवून मगच परत बसवावी, आणि बसवताना ती कुठे पिळलेली नाही ना, हे बोट फिरवून पाहावे. चांगला डबा एकाएकी गळू लागला, तर सर्वप्रथम तपासण्याची जागा हीच. ही पट्टी सुटी मिळते का, हे खरेदीच्या वेळीच विचारून ठेवावे, कारण डब्याच्या आधी तीच सैल पडते.