प्रियसचं ॲव्हरेज पडलंय? बॅटरीला शेवटी हात लावा

टोयोटाच्या जुन्या प्रियसचं, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि बॅटरीवरची मोटर दोन्ही असलेल्या हायब्रिड गाडीचं, ॲव्हरेज उतरलं, असं कुणी म्हणायचा अवकाश, की समोरचा "बॅटरी गेली असणार" म्हणून मोकळा होतो. गॅरेजवालाही कशाला नाही म्हणेल, त्याचं हजारो डॉलरचं बिल होतं. माझं म्हणणं उलट आहे. बॅटरी सगळ्यात शेवटी बघायची. त्याआधी टायर, ब्रेक, थर्मोस्टॅट आणि ऑइल. आणि त्याच्याही आधी आपला स्वतःचा हिशेब.

आमची गाडी २०१२ची, तिसऱ्या पिढीची, १.८ लिटर इंजिनाची. मुक्काम एडिसन, न्यू जर्सी. म्हणजे जानेवारीत बर्फ आणि रस्त्यावर मीठ, जुलैत घामाच्या धारा. घरात गाडीचं खातं माझ्याकडे आहे, नवऱ्याकडे लॉन. या मॉडेलचा ईपीएचा, म्हणजे अमेरिकन सरकारच्या पर्यावरण संस्थेचा, शहर-हायवे एकत्रित आकडा गॅलनला ५० मैल, म्हणजे लिटरला साधारण २१ किलोमीटर.

पहिलं काम, मोजायचं कसं ते ठरवा. डॅशबोर्डवरचा आकडा बहुतेक वेळा थोडा चढाच असतो, त्याच्यावर भांडण करू नका. टाकी फुल करा, ट्रिप मीटर शून्यावर आणा, पुढच्या वेळी फुल करताना मैल भागिले गॅलन. सोपं वाटतं, पण न्यू जर्सीत एक गंमत आहे. इथे १९४९ पासून स्वतः गॅस, म्हणजे पेट्रोल, भरायला कायद्यानेच बंदी. टाकी भरली की पंप क्लिक करून आपोआप थांबतो, पण भरणारा माणूस त्या पहिल्या क्लिकनंतरही डॉलरचा आकडा गोल करायला अजून थोडा ढोसतो, आणि आपला हिशेब तिथेच फिसकटतो. मी काच खाली करून आधीच सांगते, "भाईसाब, पहले क्लिक पे बस." शक्यतो तोच पंप, तीच बाजू. एका टाकीवरून काहीही ठरवू नका, तीन-चार टाक्यांची सरासरी काढा. तुमची गाडी २००४ ते २००९ मधली असेल तर अमेरिकेतल्या त्या मॉडेलच्या टाकीत रबरी पिशवी आहे. ती थंडीत आकसते आणि दर वेळी वेगळं माप घेते, त्यामुळे तिथे तर सरासरीशिवाय गत्यंतर नाही.

आता कॅलेंडर बघा. ॲव्हरेज नोव्हेंबरपासून पडलं असेल तर आधी शांत व्हा. २० फॅरनहाइटला साधी गाडी शहरात सुमारे १५ टक्के ॲव्हरेज घालवते, हायब्रिड मात्र ३० ते ३४ टक्के. अमेरिकन सरकारचाच आकडा आहे हा. कारण सरळ आहे. हायब्रिडची सगळी कमाई इंजिन बंद ठेवण्यात. थंडीत इंजिन गरम व्हायला वेळ लागतो, आणि हीटरला गरम कूलंट हवं म्हणून ते सिग्नललाही चालूच राहतं. वर हिवाळी गॅसमध्ये ऊर्जाही थोडी कमी असते. म्हणून तुलना करायची ती गेल्या जानेवारीशी, जूनशी नाही.

आणि आपलं रुटीन बदललंय का, हेही प्रामाणिकपणे बघा. ऑफिस घरून सुरू झालं आणि गाडी आता फक्त पियानो क्लास, पटेल ब्रदर्सचं किराणा दुकान आणि देऊळ एवढीच फिरते, असं पुष्कळांचं झालंय. दोन मैलांच्या फेरीत इंजिन गरम होईपर्यंत घर येतं. अशा गाडीत काहीही बिघडलेलं नसतं. चार कामं एका फेरीत उरका, आकडा आपोआप वर येतो.

एवढं करूनही आकडा खालीच असेल तर बाही वर करा.

टायरपासून सुरू करा. दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर हवा लिहिलेली असते, आमच्या १५ इंची चाकांना पुढे ३५, मागे ३३ पीएसआय. सकाळी गाडी थंड असताना मोजा. तापमान १० फॅरनहाइट उतरलं की साधारण १ पीएसआय जातो, म्हणून ऑक्टोबरमध्ये भरलेली हवा डिसेंबरात पुरत नाही. डॅशबोर्डवरच्या पिवळ्या दिव्याची वाट बघू नका. तो सुमारे २५ टक्के हवा गेल्यावर लागतो, तोवर तुम्ही महिनाभर गॅस जाळलेला असतो. टायर नुकतेच बदलले असतील तर बहुधा चोर सापडला. गाडीबरोबर आलेले टायर कमी घर्षणाचे होते, सेलमधले स्वस्त टायर तसे नसतात, त्यात गॅलनला दोन-चार मैल सहज जातात. शिवाय झिजलेल्या टायरचा घेर लहान, त्यामुळे मीटर मैल जास्त मोजत होता. नवे टायर घातले की तो फुगवटा जातो आणि कागदावर दीड-दोन टक्के घट दिसते. ती खरी घट नव्हेच.

ब्रेककडे मात्र नीट वेळ द्या, कारण हायब्रिडचे ब्रेक वापराने नाही, न वापरल्याने खराब होतात. वेग कमी करायचं बरंचसं काम मोटरच करते, पॅड क्वचितच दाबले जातात. त्यात आमच्याकडचं मीठ. पॅड डिस्कवर दाबणाऱ्या कॅलिपरच्या स्लायडर पिना गंजून अडकतात आणि पॅड डिस्कला घासत राहतो. आवाज नाही, दिवा नाही, फक्त गॅस जातो. ओळखायचं असं: पाच-सहा मैल चालवा, शेवटी जोरात ब्रेक न मारता गाडी हळूहळू थांबू द्या, आणि इन्फ्रारेड थर्मामीटर चारही डिस्कवर धरा. एक डिस्क बाकीच्यांपेक्षा भलतीच तापलेली दिसली की तोच कॅलिपर. डिस्कला बोट लावून बघू नका, भाजेल. मागची चाकं हातानेही तपासता येतात. सपाट जागा, गाडी पार्कमध्ये, पुढच्या चाकांना ठोकळे, पायाचा पार्किंग ब्रेक सोडलेला. मागचं चाक जॅकने उचला, स्टँड लावा, फिरवून बघा. चांगलं चाक एका धक्क्यात फिरत राहतं, अडकलेलं अर्ध्या फेरीत थांबतं. पिना काढून, तारेच्या ब्रशने साफ करून, ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीस लावायचं. मी हे दर वसंतात बर्फ संपला की करते.

ऑइलचं थोडक्यात. या इंजिनाला ०डब्ल्यू-२० ऑइल फिल्टरसकट ४.४ क्वार्ट लागतं. झटपट ऑइल बदलणारे पाच क्वार्टचा डबा आख्खा ओततात. डिपस्टिक बघा, वरच्या खुणेच्या वर ऑइल असेल तर इंजिन उगाच ते घुसळत बसतं. जास्तीचं काढायला लावा. एअर फिल्टर हाताने निघतो, काळा झाला असेल तर बदला. स्पार्क प्लग १,२०,००० मैलांना. छतावरचा रॅक रिकामा असेल तर उतरवा. डिकीतल्या तांदळाच्या पिशवीची मात्र एवढी काळजी नको, १०० पाउंडांना जेमतेम एक टक्का जातो.

यापुढच्या तपासणीसाठी एक ब्लूटूथ ओबीडी डाँगल, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरचे आकडे फोनवर दाखवणारं छोटं यंत्र, घ्या आणि फोनवर डॉक्टर प्रियस किंवा हायब्रिड असिस्टंट हे ॲप. पैसे वसूल होतात. आधी कूलंटचं तापमान लावून ठेवा. ते ८५ ते ९० सेल्सिअसच्या आसपास जाऊन टिकलं पाहिजे. थंडीत पार्कवेवर, म्हणजे हायवेवर, चालताना ते परत ६५-७० ला घसरत असेल तर थर्मोस्टॅट, म्हणजे रेडिएटरकडे जाणारं कूलंट अडवणारी-सोडणारी झडप, उघडा अडकलाय. साध्या गाडीत यामुळे हीटर कोमट होतो एवढंच. हायब्रिडमध्ये इंजिनला वाटतं मी अजून गारच आहे, आणि ते बंदच होत नाही. स्वस्तातला भाग आहे, आणि फरक लगेच दिसतो.

कूलंटच्या टाकीकडेही नजर टाका. पातळी उतरतेय पण खाली डबकं नाही, आणि सकाळी पहिल्यांदा इंजिन लागताना गाडी थडथडते, असं असेल तर ॲव्हरेजचा विषय बाजूला ठेवा. तिसऱ्या पिढीत ईजीआर कूलर (इंजिनात परत जाणारा धूर थंड करणारा भाग) आणि इनटेक मॅनिफोल्डमधल्या (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांमधल्या) बारीक वाटा काजळीने बुजतात, आणि पुढे हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनातलं कूलंट गळू न देणारं सील, जाण्याशी त्याचा संबंध जाणकार मेकॅनिक लावतात. सफाई हे दिवसभराचं काम आहे. ते वेळेत करणं इंजिन बदलण्यापेक्षा कितीतरी परवडतं.

आता बॅटरी. तिची लक्षणं स्वतंत्र आहेत. पडद्यावरचे चार्जचे बार काही मिनिटांत भरतात आणि तितक्याच पटकन रिकामे होतात. मागून पंख्याचा आवाज वाढतो. उन्हाळ्यातही सिग्नलला इंजिन सारखं लागतं. यातलं काहीच नसेल तर बॅटरीला दोष देऊ नका. असेल, तर आधी पंखा बघा. मागच्या सीटच्या उजव्या बाजूला एक काळी जाळी आहे, बॅटरीला थंड हवा तिथून जाते. आमच्याकडे मुलांची जॅकेटं नेमकी तिच्यावर पडलेली असायची. जाळी मोकळी ठेवा, बाजूचं प्लास्टिक काढून पंख्याच्या पात्यांमधली लोकर आणि कुत्र्याचे केस मऊ ब्रशने आणि व्हॅक्यूमने काढा. घरात कुत्रा असेल तर हे दर वर्षी.

मग ॲपवर ब्लॉकचं व्होल्टेज बघा. बॅटरीच्या पॅकमध्ये २८ मॉड्यूल, म्हणजे छोट्या बॅटऱ्या, एकूण २०१.६ व्होल्ट, आणि कॉम्प्युटर ते दोन-दोनच्या १४ ब्लॉकमध्ये मोजतो. उभ्या गाडीत सगळे ब्लॉक जवळजवळ सारखेच दिसतात, त्यावर जाऊ नका. चढावर जोर लावताना शेजारी बसलेल्याला बघायला सांगा. एखादा ब्लॉक बाकीच्यांपेक्षा एक व्होल्टच्या आसपास खाली जात असेल तर तो थकलाय, आणि आज ना उद्या पी०ए८० हा बॅटरी खराब झाल्याचा कोड येणार. सगळे ब्लॉक बरोबरीने वरखाली होत असतील तर पॅकला अजून आयुष्य आहे, परत ब्रेककडे जा.

घरी पॅक उघडायचा विचारही करू नका. नारिंगी केबलमधला करंट जीव घेऊ शकतो, बॅटरीचा करंट तोडणारा सर्व्हिस प्लग काढल्यावरही कपॅसिटर रिकामे व्हायला वेळ लागतो. आणि "फक्त खराब मॉड्यूल बदलून देतो, स्वस्तात" म्हणणाऱ्याला नमस्कार करून निघा. बाकीची २७ त्याच वयाची आहेत, काही महिन्यांत पुढचं जातं. गाडीचं इंजिन आणि पत्रा धड असेल तर नव्या सेलचा पूर्ण पॅक घाला, नाहीतर गाडी विकून टाका. कोटेशन घेताना १४ ब्लॉकचे लोडखालचे आकडे कागदावर मागा. द्यायला जो कां कू करेल, त्याने ते मोजलेलेच नसतात. जुना पॅक परत दिल्यावर कोअर डिपॉझिट, म्हणजे त्या जुन्या पॅकपोटी धरलेली रक्कम, मिळतं, तेवढी रक्कम बिलातून वजा केली आहे ना, हे सही करण्याआधी बघा.