डी व्हिअर घराण्याचा वारसा-तक्ता कसा मांडावा

मराठी घराण्यांच्या वंशावळी जुळवणारा इंग्लिश सरदारकीकडे वळला की एक चूक हमखास करतो: गादी रिकामी दिसली की दत्तक शोधतो. मध्ययुगीन इंग्लंडच्या कायद्यात दत्तक वारस नव्हताच. ऑक्सफर्डचं अर्लपद (अर्ल हा सरदारकीचा एक किताब) डी व्हिअर घराण्यात ११४१ पासून चाललं आणि १७०३ मध्ये विसावा अर्ल ऑब्री मुलगा मागे न ठेवता वारला तेव्हा संपलं. सरावाला हेच घराणं घ्या.

अप्पा बळवंत चौकातून मोठा चार्ट पेपर आणा. वहीच्या पानावर हे मावत नाही. आडवा धरून सात रकाने आखा: क्रमांक, नाव, वडील, मृत्यू, आधीच्या अर्लशी नातं, पद कशाच्या आधारे मिळालं, आणि सोबतची जमीन किंवा मान कुठे गेला. शेवटचे दोन रुंद ठेवा, सगळी भांडणं तिथेच आहेत.

क्रमांक आधी पेन्सिलीने घाला. पेशव्यांत दोन बालाजी, दोन बाजीराव, दोन माधवराव एवढ्यावर भागतं. इथे चार ऑब्री, पाच रॉबर्ट आणि सहा जॉन आहेत. बारावा ते सोळावा तर सलग जॉन. म्हणून ‘जॉन, मृत्यू १५१३’ अशीच ओळख लिहा.

तारखांत जुन्या इंग्लिश हिशोबाचं वर्ष २५ मार्चला बदलतं. बाराव्या अर्लचा शिरच्छेद आपल्या हिशोबाने फेब्रुवारी १४६२ मधला, त्यांच्या कागदात १४६१ मधला. ‘१४६१/६२’ असं लिहा. शकात ७८ मिळवायचे की ७९, यात एकदा फसलेल्याला हे वेगळं सांगायला नको.

वारसाचं नाव मृत्यूनंतरच्या चौकशीत सापडतं. राजाकडून थेट जमीन धरणारा मेला की परगण्या-परगण्यांत पंच बसत आणि मृत्यूची तारीख, जमिनी, वारस, त्याचं वय सांगत. ‘वय २१ आणि अधिक’ याचा अर्थ सज्ञान, इतकाच. त्यातून जन्मवर्ष काढू नका. वारस अज्ञान असेल तर त्याचं पालकत्व राजाकडे जाई आणि राजा ते विकूही शके. कागदात मध्येच परका माणूस दिसला तर तो भाऊबंद समजू नका.

आता नात्याचा रकाना. १९ वेळा पद पुढे गेलं, त्यात १३ वेळा बापाकडून मुलाकडे. उरलेल्या सहा जागी लाल खूण करा: तिसरा भाऊ, सातवा पुतण्या, दहावा काका, चौदावा पुतण्या, पंधरावा आणि एकोणिसावा दूरचे चुलतभाऊ.

यातला दहावा नीट समजून घ्या. नववा रॉबर्ट हा राजा दुसऱ्या रिचर्डचा लाडका. १३८८ मध्ये त्याच्यावर राजद्रोहाचा ठपका आला, पद आणि जमिनी गेल्या, १३९२ मध्ये तो परदेशात निपुत्रिक वारला. १३९३ मध्ये संसदेत पद परत मिळालं ते काका ऑब्रीला, पण अट पडली: फक्त पुरुष वारसांना. ही अट पुढच्या प्रत्येक ओळीच्या सहाव्या रकान्यात उतरवा. म्हणूनच चौदावा जॉन १५२६ मध्ये निपुत्रिक वारल्यावर अर्लपद त्याच्या बहिणींकडे न जाता दूरच्या पुरुष शाखेकडे गेलं. तेराव्याचं पद १४७५ मध्ये हिरावलं आणि १४८५ मध्ये परत मिळालं. तिथे तुटक रेघ मारा, नवा क्रमांक देऊ नका.

जी गोष्ट या अटीत बांधलेली नव्हती, तिला साधा नियम लागे: मुलगे नसतील तर मुलींना सारखे वाटे, मुलींत थोरली-धाकटी नाही, आणि सावत्र नात्याला वारसा नाही. अठरावा हेन्री १६२५ मध्ये निपुत्रिक वारला तेव्हा दोन्ही नियम एकदम लागले. १६२६ मध्ये अर्लपद पुरुष शाखेतल्या रॉबर्ट डी व्हिअरला मिळालं, तर घराण्याकडे चालत आलेलं राजदरबारातलं ग्रेट चेंबरलेनपद हेन्रीच्या आत्याच्या मुलाला, लॉर्ड विलोबीला. हेन्रीच्या तीन सावत्र बहिणी तेव्हा हयात होत्या. त्या ओळीचा सातवा रकाना दोन नावांचा करावा लागतो.