निगेटिव्हच्या फोटोत जाळी आणि निळी झाक: अखेर सुटलेला प्रश्न

टॅबलेटच्या पांढऱ्या स्क्रीनवर ३५ मिमी कलर निगेटिव्ह (उलट्या रंगांची जुनी फोटो फिल्म) ठेवून मोबाइलने फोटो काढले, तर चेहऱ्यांवर बारीक जाळी. रंग उलटवले की सगळं निळंशार. ब्राइटनेस वाढवला, ट्रेसिंग पेपर घातला, तर त्याचेच तंतू दिसायला लागले. अक्षरशः रडकुंडीला आले होते.

जाळी म्हणजे स्क्रीनचे पिक्सेल. म्हणून निगेटिव्ह स्क्रीनपासून ४ सेंमी वर उचलली, मध्ये दुधी ॲक्रिलिक ठेवलं. फिल्मची चकचकीत बाजू कॅमेऱ्याकडे, नाहीतर फोटो आरशातल्यासारखा उलटा येतो. खोलीत अंधार, २ सेकंदांचा टायमर, रॉ फाइल (कॅमेऱ्याची प्रक्रिया न झालेली मूळ फाइल).

निळी झाक येते ती फिल्मच्या नारिंगी रंगामुळे. मग आधी फ्रेमबाहेरच्या कोऱ्या नारिंगी पट्टीवर व्हाइट बॅलन्स (ती पट्टी रंगहीन दिसेल असा रंगांचा तोल), त्यानंतरच रंग उलटवायचे. हा क्रम महत्त्वाचा. आता आईच्या स्वेटरची वीणसुद्धा दिसते.