ब्रिटिश लोकांचे सर्व्हे वाचायचेत? आधी प्रश्न शोधा

यूकेला शिकायला किंवा नोकरीला निघालेली मंडळी हमखास विचारतात की तिकडची माणसं नक्की कशी असतात हो, आणि मग ग्रुपवर कुणीतरी बातमीतला एक आकडा टाकतं, इतके टक्के ब्रिटिश असं म्हणतात, की झालं, सगळ्यांचं मत तयार. असं नका करू. तिथले सर्व्हे खरंच खूप काही सांगतात, फुकट वाचायला मिळतात, फक्त ते वाचायची सवय लावून घ्यायला लागते.

पहिली गोष्ट, टक्का बाजूला ठेवा आणि प्रश्न शोधा, अगदी जसाच्या तसा. धर्माचंच बघा. २०२१ च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समधे ४६.२ टक्के लोक ख्रिश्चन निघाले आणि ३७.२ टक्के 'धर्म नाही' वाले. पण ब्रिटिश सोशल अ‍ॅटिट्यूड्स म्हणून जो सर्व्हे आहे त्यात २०१८ सालीच ५२ टक्के लोक कुठलाच धर्म नसलेले होते. मग खोटं कोण बोलतंय? कुणीच नाही. जनगणना विचारते, तुमचा धर्म कोणता? हा सर्व्हे विचारतो, तुम्ही स्वतःला कुठल्या धर्माचे मानता का? पहिल्या प्रश्नात धर्म असणारच असं धरलेलं आहे, म्हणून लहानपणी बाप्तिस्मा झालेला पण चर्चची पायरी वर्षानुवर्षं न चढलेला माणूस तिथे सहज ख्रिश्चनवर टिक करतो, आणि दुसऱ्या प्रश्नाला तोच माणूस जरा थांबून नाही म्हणतो. शिवाय जनगणनेचा फॉर्म बऱ्याचदा घरातला एकच जण सगळ्यांचा भरतो, वडिलांनी भरला तर मुलांचा धर्मही वडीलच ठरवणार, आपल्याकडे वेगळं काय होतं सांगा!

दुसरं, विचारलं कुणी आणि कसं ते बघा. ब्रिटिश सोशल अ‍ॅटिट्यूड्स १९८३ पासून चालू आहे, नॅटसेन ही संस्था करते, त्यात पत्ते लॉटरीसारखे निवडतात त्यामुळे कुणी आपणहून नाव नोंदवून घुसू शकत नाही. यूगव्ह या ऑनलाइन सर्व्हे कंपनीचं उलट आहे, तिथे लोक स्वतः नाव नोंदवतात, मग त्यातून वय, शिक्षण, मागचं मतदान वगैरे जुळवून सॅम्पल बनवतात आणि उत्तरं झटपट येतात. आज लोक कशावर चिडलेत हे बघायचं तर यूगव्ह ठीक आहे. पण माणसं हळूहळू कशी बदलली हे बघायचं असेल तर मी नेहमी पहिलाच उघडतो, कारण तिथे तोच प्रश्न त्याच शब्दांत वर्षानुवर्षं विचारतात. पुरुषाने कमवायचं आणि बाईने घर सांभाळायचं, हे १९८७ मधे ४८ टक्के लोकांना मान्य होतं, २०२२ मधे फक्त ९ टक्क्यांना. एका पिढीत एवढं बदललं, मला हे वाचताना अजूनही भारी वाटतं.

तिसरं, एका उत्तरावर थांबू नका, पुढचा प्रश्न पण वाचा. एनएचएस म्हणजे तिथली सरकारी आरोग्यसेवा, तिच्यावर २०१० मधे ७० टक्के लोक खूश होते आणि २०२४ मधे २१ टक्के. हे वाचून वाटेल की लोकांना ती नकोच झालीय. पण त्याच सर्व्हेत उपचार फुकट मिळायलाच पाहिजेत असं म्हणणारे सुमारे ९० टक्के आहेत. म्हणजे राग आहे तो वाट बघायला लावण्यावर, एनएचएस असण्यावर नाही. तिथल्या सहकाऱ्यासमोर एनएचएसला नावं ठेवण्याआधी हे लक्षात असू द्या, तो स्वतः तासभर कुरकुर करेल पण तुम्ही मोडीत काढा म्हणालात तर त्याला लागेल.

आता टेबल, म्हणजे आकड्यांचे तक्ते. ब्रिटिश पोलिंग काउन्सिल ही सर्व्हे कंपन्यांची संघटना, तिच्या सभासद कंपन्यांना प्रश्नाचे शब्द आणि पूर्ण टेबलं जाहीर करावी लागतात, म्हणून बातमी वाचून झाली की कंपनीच्या साइटवरून ती पीडीएफ उतरवा. आडव्या रांगेत स्त्री-पुरुष, वयोगट, प्रदेश असे रकाने असतात, आणि त्यांच्याच आसपास बारीक अक्षरात किती माणसांना विचारलं तो आकडा असतो. हजार लोकांच्या सर्व्हेत साधारण ३ टक्के इकडेतिकडे धरायचे. पण त्यातला स्कॉटलंडचा रकाना बघाल तर जेमतेम ८५ माणसं, तिथे १० टक्के इकडेतिकडे होऊ शकतात, आणि नेमकं त्यावरूनच 'स्कॉटिश लोकांना काय वाटतं' अशा हेडलाइन होतात. 'माहीत नाही'ची ओळ पण सोडू नका, तिथला आकडा मोठा असेल तर लोकांनी त्या विषयाचा अजून विचारच केलेला नसतो.

आणि लोकांना वाटतं ते तसंच असतं असं मुळीच नाही. इप्सॉस या सर्व्हे कंपनीच्या २०१३ च्या सर्व्हेत लोकांचा अंदाज होता की सरकारी भत्त्यांच्या दर १०० पौंडांतले २४ फसवून घेतले जातात. सरकारी अंदाज होता ७० पेन्स, म्हणजे एक पौंडही नाही! तेव्हा असा आकडा वाचून तिथे फसवे लोक फार असं समजू नका, त्यातून कळते ती लोकांची भीती.

एक राहिलं, बऱ्याच सर्व्हेत ब्रिटन म्हणजे इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्स एवढंच असतं. नॉर्दर्न आयर्लंडमधे, म्हणजे बेलफास्टला वगैरे चालला असाल तर नॉर्दर्न आयर्लंड लाइफ अँड टाइम्स हा तिथला सर्व्हे उघडा, १९९८ पासूनचं सगळं तिथे आहे.