औसंगातेच्या खिंडी चढायच्या आहेत? मग या चुका टाळा

फेब्रुवारी उजाडला की मला एकाच धाटणीचे फोन येऊ लागतात. पेरूला जायचंय, औसंगातेचा ट्रेक करायचाय, माचू पिचूही बघायचंय, रजा एकूण दहा दिवस. बसेल ना? मी प्रत्येकाला तेच सांगतो, बसत नाही. त्यावर पुढचं वाक्यही ठरलेलं असतं, ‘पण एक एजन्सी चार दिवसांत करून देते म्हणे.’ करून देतही असेल. पण विरळ हवेची सवय व्हायला शरीराला जेवढे दिवस लागतात तेवढे लागतातच, ते कुठल्याच एजन्सीच्या हातात नाही.

मी हा ट्रेक तीनदा केलाय, तिन्ही वेळा आपल्याच मंडळींना घेऊन आणि केचुआ ही तिथली मूळ भाषा बोलणाऱ्या वाटाड्याबरोबर. तिन्ही वेळा त्याच त्या चुका पाहिल्या. त्यातल्या एकीमुळे एका मित्राचा जीव जाता जाता वाचला, म्हणून हे लिहितोय.

आधी डोंगर समजून घ्या. औसंगाते हे पेरूतल्या कुस्को भागातलं सर्वांत उंच शिखर, 6,300 मीटरच्याही वर. आपण शिखरावर जात नाही, त्याला प्रदक्षिणा घालतो. तिंकी गावातून निघायचं, साधारण 70 किलोमीटर चालून पुन्हा तिंकीलाच यायचं. वाटेत आरापा, आपाचेता, पालोमानी आणि काम्पा या खिंडी लागतात. पालोमानी 5,100 मीटरच्या वर आहे. तीन कळसूबाई एकावर एक ठेवल्या तरी तिची उंची गाठत नाहीत. आणि मुख्य गोष्ट म्हणजे वाटेतला एकही मुक्काम 4,300 मीटरच्या खाली नाही. हिमालयात बऱ्याच ठिकाणी त्रास झाला की आल्या वाटेने दरी धरून खाली उतरता येतं. इथे मधल्या मुक्कामांवरून मागे जायला खिंड, पुढे जायला खिंड. खाली उतरायची वाट मोजक्याच ठिकाणी आहे.

पहिली चूक: कुस्कोला उतरून दुसऱ्या दिवशी निघणं

पेरूची राजधानी लिमा समुद्राला लागून. तिथून विमानाने दीड तासाच्या आत तुम्ही कुस्कोला, म्हणजे थेट 3,400 मीटरवर. त्याआधी मुंबईहून दोन-तीन विमानं बदलून झालेली, घड्याळ साडेदहा तास मागे गेलेलं, झोप कुठल्या कुठे. पहिल्या दिवशी डोकं दुखतं ते जागरणाने की उंचीने, हे कोणालाच सांगता येत नाही. अशा अवस्थेत तिसऱ्या रात्री 4,400 मीटरवर, उपिस या ट्रेकच्या पहिल्या मुक्कामाला झोपणारी माणसं मी पाहिली आहेत.

माझी पद्धत ठरलेली आहे. कुस्कोला उतरलो की शहरात थांबायचंच नाही. विमानतळावरूनच गाडी करून खाली पवित्र दरीत जायचं. ओयांतायताम्बो 2,800 मीटरच्या आसपास, उरुबाम्बाही तेवढंच. तिथे दोन रात्री. माचू पिचू बघायचंच असेल तर याच दिवसांत बघून घ्या, ते 2,400 मीटरवर आहे, सवय व्हायला मदतच होते. मग वर कुस्कोला दोन रात्री. त्यातल्या एका दिवशी आसपासच्या टेकड्यांवर चढून यायचं आणि झोपायला परत खाली. त्यानंतर तिंकी. ट्रेकला निदान पाच, शक्यतो सहा दिवस. येणं-जाणं धरून सोळा-सतरा दिवस होतात. तेवढी रजा नसेल तर या वर्षी जाऊ नका. पुढच्या वर्षीसाठी रजा साठवा, डोंगर तिथेच आहे.

3,000 मीटरच्या वर रोजच्या झोपण्याची उंची 500 मीटरपेक्षा जास्त वाढू नये, आणि तीन-चार दिवसांनी एक विश्रांतीचा दिवस असावा, हा डॉक्टरांनी घालून दिलेला नियम आहे. औसंगातेवर तो तंतोतंत पाळणं कठीण जातं, म्हणूनच आधीचे दिवस छाटायचे नसतात.

डायमॉक्स या उंचीच्या त्रासावरच्या गोळीबद्दलही सगळे विचारतात. ती गोळी मदत करते, डॉक्टरांशी बोलून जरूर घ्या. सल्फाची अॅलर्जी असेल तर ते आधीच सांगा. बोटांना मुंग्या येतील, लघवी वाढेल, त्याला घाबरू नका. मात्र गोळी घेतली म्हणून दोन दिवस वाचवले, हा हिशेब चुकीचा आहे.

दुसरी चूक, आणि ही सगळ्यांत मोठी: डोकेदुखी लपवणं

2019 चा जुलै. आम्ही सहा जण, वाटाड्या, स्वयंपाकी, दोन आरिएरो, म्हणजे सामानाचे घोडे हाकणारे गावकरी, आणि एक मोकळा घोडा. आमच्यातला एक मित्र पन्नाशीचा, सह्याद्रीत उभं आयुष्य काढलेला, हिमालयातही चार-पाच मोठे ट्रेक केलेला. ऑफिसच्या कामामुळे तो आमच्यामागून आला आणि कुस्कोत जेमतेम दोन रात्री काढून निघाला. मी त्याला नको म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही.

उपिसला रात्री त्याने भात तसाच ठेवला. पोट बरं नाही म्हणाला. दुसऱ्या दिवशी आरापा खिंड चढताना नेहमी पुढे असणारा हा माणूस सगळ्यांच्या मागे. विचारलं तर म्हणाला, ‘फोटो काढतोय रे.’ तिसऱ्या संध्याकाळी आम्ही औसंगातेकोचाला पोचलो, तळ्याकाठी, 4,650 मीटर. दुसऱ्या दिवशी पालोमानी. तो तंबूच्या तोंडाशी बसून बुटाची नाडी बांधत होता. फास करायचा, तो सुटायचा. पुन्हा करायचा, पुन्हा सुटायचा. मी चहा घेऊन तिथून गेलो, मग जेवायच्या तंबूत जाऊन परत आलो, तरी तीच नाडी. ‘हात गारठलेत,’ म्हणाला. त्याच्या हातात हातमोजे होते, तेही उलटसुलट घातलेले.

वाटाड्याने त्याला एक शब्दही विचारला नाही. त्याने काठी जमिनीवर आडवी ठेवली आणि खुणेने सांगितलं, हिच्या कडेने चाल, टाचेला पंजा लावून. माझा मित्र तीन पावलं चालला आणि चौथ्याला झाड पडावं तसा कडेला कोसळला. मेंदूला सूज आल्याची खूण ती हीच. तोल जातो, बोलणं बरळल्यासारखं होतं, साधी कामं जमत नाहीत. त्या क्षणापासून वेळ तासांत मोजायची असते.

ऑक्सिजन लावला, मेंदूची सूज उतरवणारं डेक्सामेथासोनचं इंजेक्शन दिलं आणि अंधारातच निघालो. आमचं नशीब की औसंगातेकोचावरून खिंड न चढता चिल्काच्या दरीत उतरता येतं. पालोमानी ओलांडून हे झालं असतं तर काय, हा विचार मी अजूनही टाळतो. आरिएरोने त्याला मोकळ्या घोड्यावर बसवलं, आपल्या पोंचोने, म्हणजे अंगावरच्या लोकरी पांघरुणाने, कमरेला बांधलं आणि लगाम धरून पुढे चालू लागला. उणे दहाच्या थंडीत त्या माणसाच्या पायात टायरच्या रबराच्या चपला होत्या आणि मोजे नव्हते. मी मागून टॉर्चचा झोत टाकत होतो आणि दर दहा मिनिटांनी मित्राला त्याच्या मुलीचं नाव विचारत होतो. दोनदा त्याला ते आठवलं नाही. पहाटे चिल्काला गाडी मिळाली, तिथून पितुमार्का, मग कुस्कोचं हॉस्पिटल. तो बरा झाला. आज ठणठणीत आहे.

नंतर त्याने कबूल केलं की उपिसच्या रात्रीपासून डोकं फुटत होतं आणि तो गुपचूप पॅरासिटामॉल घेत होता. का सांगितलं नाहीस? ‘तुमचा सगळ्यांचा ट्रेक बिघडला असता.’ हे उत्तर मी इतक्यांदा ऐकलंय की आता ऐकवत नाही. पहिल्या रात्री त्याने सांगितलं असतं, तर आम्ही उपिसला एक दिवस जास्त थांबलो असतो, किंवा तो तिंकीला परतला असता आणि गरम पाण्याच्या कुंडावर आमची वाट बघत बसला असता.

तेव्हापासून मी सकाळ-संध्याकाळ प्रत्येकाच्या तंबूपाशी जातो आणि चार गोष्टी विचारतो: डोकं, भूक, झोप, लघवी. डोकेदुखीची गोळी माझ्यासमोरच घ्यायची. डोकं दुखतंय आणि जोडीला मळमळ, चक्कर किंवा अंगात त्राण नाही, तर त्या दिवशी वर चढायचं नाही. थांबूनही वाढत असेल तर उतरायचं, रात्र असो की पाऊस. बसल्या जागी धाप लागत असेल किंवा ओला खोकला सुरू झाला असेल, तर फुप्फुसात पाणी होतंय असं समजा आणि लगेच उतरा. रात्री झोपेत श्वास क्षणभर थांबून पुन्हा मोठ्याने सुरू होतो, शेजारचा घाबरून उठवतो. हे मात्र उंचीवर पुष्कळांना होतं, त्याला भिऊ नका. झोपेची गोळी आणि दारू दोन्ही तिथे नकोत. आणि बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरच्या आकड्यावर भिस्त ठेवू नका, गार बोटाला तो काहीही दाखवतो.

एजन्सी ठरवताना पैशांआधी हे विचारा: मोकळा घोडा असेल का, ऑक्सिजन असेल का, वाटाड्याला केचुआ येतं का. तीन ‘हो’ मिळाले नाहीत तर दुसरी बघा.

बाकीच्या चुका

वेग. राजगड-तोरणा एका दिवसात करणारे सगळ्यांत आधी दमतात. नाकाने श्वास घेत चालता येईल तोच वेग बरोबर. नाक पुरेनासं झालं की सावकाश चला. खिंड मात्र दुपारच्या आत ओलांडा, नंतर ढग भरतात आणि कोरड्या मोसमातही गारा पडतात.

मोसम. आपल्याकडे पावसाळा असतो तेव्हा तिथे कोरडा हिवाळा असतो. मे ते सप्टेंबर जा. दिवाळीच्या सुट्टीत तिथे पाऊस सुरू होत असतो.

ऊन. हवा गार म्हणून टोपी काढू नका. दुपारी सूर्य उत्तरेला असतो, दिशेचा अंदाज सवयीने बांधाल तर फसाल.

सामान. घोड्यावरच्या पिशवीला वजनाची मर्यादा असते, बहुतेकदा सात-आठ किलो. ती पाळा. सकाळी आरिएरो घोड्याचे डोळे पोंचोने झाकतात, मग ओझं चढवून दोर आवळतात. ते एकदा जवळून बघा, तिसरा जॅकेट आपोआप घरी राहील. रात्री गरम पाण्याची बाटली, फोन आणि बॅटऱ्या झोपायच्या पिशवीत घ्या.

शाकाहार. ‘मांस नको’ एवढं सांगून भागत नाही, कारण क्विनोआचं सूप कोंबडीच्या रश्शात शिजवलेलं असू शकतं. ‘कोंबडीचा रस्साही नको’ हे वाटाड्याकडून स्वयंपाक्याला आधीच सांगा. डाळ नेत असाल तर त्यांच्याकडे कुकर आहे का विचारा, 4,600 मीटरवर पाणी 85 अंशांच्या आसपासच उकळतं. ओढ्याचं पाणी कितीही नितळ दिसलं तरी वर अल्पाकांचे कळप चरत असतात, उकळल्याशिवाय पिऊ नका.

कुत्री. मेंढवाड्यांजवळची कुत्री अंगावर येतात. पळू नका, दगड उचलायला वाकल्यासारखं करा, थांबतात.

खिंडीतले दगडांचे ढीग. त्यांना आपाचेता म्हणतात (वरच्या एका खिंडीचं नावही तेच), तिथले लोक औसंगातेला देव मानतात. त्यावर चढून फोटो काढू नका, त्यातला दगड आठवण म्हणून आणू नका. वाटाड्या कोकाची तीन पानं हातात देईल, तो करतो तसं करा.

आणि कोकाची पानं, चहाच्या पुड्यांसकट, तिथेच ठेवून या. भारतात ती आणणं अमली पदार्थांच्या कायद्याखाली गुन्हा आहे. पीतज्वराची लस निघण्यापूर्वी निदान दहा दिवस आधी घ्या आणि तिचं पिवळं कार्ड पासपोर्टबरोबर ठेवा. पेरूहून परतताना ते जवळ नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात राहावं लागू शकतं. गावोगावी फेरीच्या वाटेवर प्रवेशाचे थोडे पैसे द्यावे लागतात, त्यासाठी सोलच्या, म्हणजे पेरूच्या चलनाच्या, सुट्ट्या नोटा आणि नाणी कुस्कोतूनच घेऊन निघा.